साकवापासूनची टकटक

आमच्या यांच्या सायकलला एक खोड होती. पायडलचा एक फेरा पुरा झाला की खालून टक् असा आवाज यायचा. साजगावच्या कारखान्यातून सुटले की हे खालापूरच्या रस्त्याने घरी येत. आमच्या वस्तीआधी ओढ्यावर एक छोटा साकव आहे आणि साकवानंतर चढ. तिथे पायडल मारल्यावाचून गती नाही. त्यामुळे साकवापासून थेट दारापर्यंत ती टकटक मला चुलीपाशी बसल्या जागी ऐकू यायची.

‘यांच्या’ म्हणते खरी, पण आता नाव घेतलं तरी चालेल. धर्माजी. जन्मभर कधी घेतलं नाही. घेतलं असतं तर हे खूश होऊन चार घरं सांगत फिरले असते. आता घेते तर ऐकायला कोणी नाही.

त्या टकटकीवरून मी फार भांडले. माझा स्वभावच तसा आहे. "कारखान्यातली येवढाली यंत्रं दुरुस्त करता, आन घरच्या सायकलला कुनी वाली नाय. दिव्याखाली अंदार तो ह्योच," असं मी म्हणायची. त्यावर हे पाय धुता धुता म्हणायचे, "पायाखाली वाजतंय गं, डोक्यात तर नाय ना वाजत?" झालं, विषय संपला.

खरं तर ती टकटक माझ्याच उपयोगाची होती. ती कानावर आली की मी थापून ठेवलेली भाकरी तव्यावर टाकायची. हे चढ चढून, सायकल कुडाला टेकवून, हातपाय धुऊन आत येईपर्यंत भाकरी टम्म फुगलेली असायची. तांदळाची भाकरी गरम आहे तोवरच भाकरी. गार झाली की यांच्या घशाखाली उतरत नसे. आम्हाला मूलबाळ नव्हतं. संध्याकाळची ती एक भाकरी वेळेवर फुगली की माझा दिवस चांगला गेला, असं मी समजायची.

तरी भांडायची ती भांडायचीच. गेल्या पावसाळ्यानंतर मी स्वतः खालापूरच्या बाजारात गेले आणि नवी कॉटरपिन घेऊन आले. पायडलची दांडी मधल्या दांड्यावर घट्ट धरून ठेवते ती बोटाएवढी लोखंडी पिन. झिजली की दांडी ढिली पडते आणि वाजते, एवढं मलाही ठाऊक होतं. दरवर्षी मार्चात महाडला, चवदार तळ्यावर जायच्या आधी हे सायकल अंगणात उघडत आणि दांड्याभोवतीचे लोखंडी छर्रे घासलेटात धुवायचं काम माझ्याकडे असे.

यांनी पिन घातली. टकटक बंद झाली. मी वस्तीभर मिरवले. दोनचार दिवसांनी मी परातीत पीठ मळत होते, तर मागून आवाज आला, "जने, पानी दे." मी अशी दचकले की परात चुलीपुढे उपडी झाली. भाकरी थापलेली नाही, तवा गार. यांनी त्या दिवशी भाकरीसाठी बसून वाट पाहिली आणि मी चिडचिड केली. पुढच्या दिवशी साकवापासून पुन्हा टकटक सुरू. "नवी पिन घातली तरी वाजतंय?" मी विचारलं. हे म्हणाले, "आतली छर्ऱ्यांची वाटीच खराब झाली आसंल. मार्चात उघडू तवा बगू." मी पुन्हा भांडले आणि पुन्हा वेळेवर भाकरी टाकायला लागले.

मार्च यांना दिसला नाही. थंडीतच कावीळ झाली. कारखान्यात चक्कर येऊन पडले, टेंपोने घरी आणलं, आणि तो पिवळा रंग काही उतरला नाही. मी बाई तोंडाने फटकळ, पण त्या दिवसांत एकदाही भांडले नाही. हे गेले.

सायकल कारखान्याच्या गेटावरच राहिली होती. यांचे धाकटे भाऊ लडकू भावजी त्याच कारखान्यात नवे लागलेले. इतके दिवस ते यांच्याच मागे डबलसीट जात. त्यांनी एका संध्याकाळी ती सायकल घरी आणली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी चुलीपाशी होते. साकवापासून टकटक ऐकू आली.

आणि मी भाकरी तव्यावर टाकली.

डोकं म्हणून काही चाललंच नाही. हात चालले. भाकरी उलटली, निखाऱ्यावर टाकली, ती फुगली. मी ताट घेतलं, पाट मांडला. दारात लडकू भावजी उभे. त्यांनी पाट पाहिला, ताट पाहिलं आणि तिथेच खाली बसून हुंदके देऊन रडायला लागले. मी रडले नाही. मला त्यांचा राग आला. त्यांच्या जागी दुसरं कोणी असायला हवं होतं, याचा राग.

तेव्हापासून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई येसूबाई, माझ्याकडेच राहायला आल्या. जलदानाचा, म्हणजे यांच्या पाठीमागच्या विधीचा, दिवस जवळ आला तेव्हा त्यांनीच विषय काढला. जलदानाला बुद्धवंदना झाली की गेलेल्या माणसाच्या वापरातली वस्तू कुणाला तरी द्यायची, अशी आमच्या घरची रीत.

"सायकल लडकूला दे," त्या म्हणाल्या. "पायी जातंय बिचारं. पर मोडकी देऊ नको गं. दान दिलेल्या चीजेला खोट नको."

सायकल द्यायला माझी ना नव्हती. पण लडकू भावजींचं घर आमच्या पलीकडे, चढावरच. म्हणजे रोज संध्याकाळी ती टकटक साकवापासून येणार, माझ्या दारापर्यंत येणार आणि न थांबता पुढे जाणार. हे मला सोसणार नव्हतं. आणि ती टकटक बंद केली तर यांचं येणं ज्यात अजून उरलं होतं ते मीच आपल्या हाताने पुसणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी मी म्हटलं, दुकानात द्यायची नाही. यांनी कधी दिली नाही. मी उघडते.

दुपारी अंगणात गोणपाट टाकलं आणि त्यावर सायकल आडवी पाडली. भावजी मदतीला आले होते. पायडलच्या दांडीखाली वरवंटा टेकवला, पिनेचा नट सैल केला आणि हातोडी मारली. चेनकडची पिन पुष्कळ ठोकल्यावर हलली. डावीकडची एका टोल्यात गळून पडली. मी ती बाजूला ठेवली, तेव्हा नीट पाहिली नाही. भावजी चेनकडच्या वाटीला पाना लावायला निघाले. मी म्हटलं, "तिला हात लावू नका. तिचे आटे उलटे आसत्यात. हे ती कदीच काडीत नसत." डावीकडच्या वाटीवरची कडी छिन्नीने ठोकून सैल केली, वाटी फिरवून काढली आणि छर्रे परातीत घेतले. तीच परात.

मला वाटलं होतं, आत काळा चिखल असेल आणि वाटीला खड्डे पडलेले असतील. तसलं काहीच नव्हतं. ग्रीस जरा मळलं होतं, पण गेल्या मार्चात आम्ही दोघांनी भरलं होतं तसंच जागच्या जागी होतं. वाटी गुळगुळीत. घासलेटात धुतल्यावर छर्रे चकाकले. खोट कुठेच नव्हती.

मग मी ती डावीकडची पिन हातात घेतली. झिजून तिची सपाट बाजू पार तिरकी झालेली. ती माझी नवी पिन नव्हतीच. मी यांचा हत्यारांचा डालड्याचा डबा गोणपाटावर उपडा केला. तळाशी कागदाची पुडी होती. पुडीत ग्रीस लावून, गंजू नये म्हणून जपून ठेवलेली माझी पिन.

"भावजी, ही हितं कशी?"

भावजींनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमी परात पाडली त्या दिसाच्या दुसऱ्या दिशी दादानं बदालली. गेटावर बसून. मीच पाना धरला व्हता. म्हनला, घंटी तर समद्यांची सारकीच वाजते रं. ही टकटक माजी एकट्याची हाय. जनीला साकवापासून कळतं, मंग ती भाकरी टाकते."

"मला का नाय सांगितलं?"

"मी बी इचारलं. म्हनला, सांगितलं तर ती भांडायची नाय. मंग घरी येऊन करू काय?"

ते ऐकून मी रडले. यांना नेलं त्या दिवशीसुद्धा एवढी रडले नव्हते. आत्याबाई आतून बाहेर आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

भावजी हळूच म्हणाले, "वैनी, जुनीच घाला. वाजू दे. आमाला काय तरास नाय."

मी डोळे पुसले. वाटीत नवं ग्रीस भरलं, एकेक छर्रा लावला, दांडा आत घातला, वाटी आवळली आणि केसभर मागे घेतली. यांची पद्धत ती. मग चेनकडची पिन होती तशी बसवली, डाव्या दांडीत नवी पिन घातली आणि हातोडी मारली. "ती हाक माज्यासाटी व्हती, भावजी," मी म्हटलं. "तुमाला ती देता येत नाय." पायडल फिरवून पाहिलं. मागचं चाक फिरलं, आवाज आला नाही. जुनी पिन मी चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली.

जलदान झालं. भावजींनी सायकल हातात धरून नेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने एक भाकरी थापली आणि बसले. रस्त्याने सायकली घंट्या वाजवत गेल्या. त्यात आमची कधी गेली ते कळलं नाही. भाकरी कडेने सुकून भेगाळली तेव्हा ध्यानात आलं की अंधारलंय. मग तव्यावर टाकली. ती फुगली नाही. आत्याबाईंनी ती ताटात घेतली आणि अर्धी मोडून माझ्यापुढे ठेवली.