चादरीची नजर, ढोलाचा कान

आमची नात अंकिता लई शिकलेली हाय, पर घरात आधी कुणाला इचारायचं एवढं काय तिला कळत न्हाय. कंप्युटरवर बंदुकीचा खेळ खेळती. खेळातल्या माणसानं झटक्यात मान वळवली की चित्र मधनं फाटायचं, वरचा तुकडा हितं, खालचा तितं. मी मागं पलंगावर बसलेली. तरी ही पोरगी शेजारच्या अक्कम्माला हाताला धरून घेऊन आली.

अक्कम्मा तीस वर्सं मागावर चादरी इणायची. तिनं चष्मा वर सरकवला. "नक्षी सरकलेली चादर अशीच दिसती बघ. वरची धावली, खालची मागं ऱ्हायली."

"बरोबर, अक्का. मॉनिटर एक चित्र पुरं दाखवायच्या आत कंप्युटर दुसरं ढकलतोय."

अंकीनं कायतरी चालू केलं. आता म्हणं कंप्युटर मॉनिटरसाठी थांबणार. चित्र तुपावानी झालं.

"अक्का, तुमची नजर म्हंजे नजर."

च्या मीच केला. अक्कम्माच्या कपात साखर इसरले न्हाय, घातलीच न्हाय.

खोट मला त्याच दुपारी दिसली. माझे मालक मंद्रूप गावात धनगरांच्या गजी नाचाला ढोल वाजवायचे. टिपरूच्या काठीत आन हाताच्या थापंत गव्हाएवढं अंतर पडलं तरी मला खटकायचं. हितं माऊसचा टक आधी आन बंदुकीचा जाळ मागनं. पर मी गप. ज्याची नजर म्हंजे नजर, त्येनंच बघावं की.

तीन दिस गेले. रविवारी अकराला सामना. सात रस्ता चौकाजवळच्या एका गेमिंग कॅफेच्या संघात एकच जागा हुती, तीन डावांत जो दोन जिंकंल त्येची. दोन वर्सं पोरगी त्या जागेसाठी झुरत हुती. खेळायचं घरनंच. शेजारच्या खुर्चीवर अक्कम्मा, आन पलंगावर मी.

पैला डाव गेला.

"अक्का, चित्र एवढं चांगलं हाय आन मी मरतीय. माजाच हात जड झालाय."

अक्कम्मानं काच निरखली. "इणकाम तर बरं हाय की पोरी."

अंकीनं हात मांडीवर पुसले. मग मला ऱ्हावंना.

"हात जड न्हाय तुजा. तू दाबतीस आधी, गोळी सुटती मागनं. चित्र फाटू नये म्हणून थांबाय लावलंस न्हवं? ते तुज्या हातालाबी थांबवतंय."

तिनं दोनदा दाबून बघितलं. "व्हय की, आजी."

मधी पाच मिनिटं हुती. कंप्युटरच्या चालीनं चालायची सोय मॉनिटरातच हुती, बाईसाहेबांनी ती कवा लावलीच नव्हती. ती लावली, थांबवणं काढलं, आन मॉनिटरच्या येगापेक्षा कंप्युटर जरा हळू धावंल असा लगाम घातला. आता चित्र फाटंना, आन टक आन जाळ संगंच.

दुसरा डाव जिंकली. तिसराबी. आन मिठी मारली कुणाला, तर अक्कम्माला. मग माज्याकडं वळली.

"आजी, तुला कवा कळलं हे?"

"गुरवारी."

"आन बोलली न्हाईस?"

"अंके, खेळात तू हुशार हायस, पर माणसांत ढ. तुजी आजी तीन दिस गप बसली. घरात कायतरी बिघडलंय हे तुला तितंच कळाया पायजे हुतं."