डोळ्याला की कॅमेऱ्याला

ड्रायव्हर लोकांचं एक बरं असतं. चूक नेहमी समोरच्या गाडीची असते. बावीस वर्षं बस चालवून नागसेनने हे शास्त्र पुरतं पचवलं होतं. समोरचा हेडलाइटचा अप्पर मारतो म्हणून डोळे दिपतात, काच जुनी म्हणून रस्ता धूसर दिसतो, चाकणच्या धुळीनं आणि दिव्यांनी आभाळ खाल्लं म्हणून चांदण्या दिसत नाहीत. हे शेवटचं तर अख्खं रावेत म्हणायचं. सोसायटीच्या गच्चीवर कुणालाही विचारा, चार-पाच ठिपके, खेळ खलास. त्यामुळे लोकांना दिसणारे पाच आणि नागसेनला दिसणारे दोन, हा फरक कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं.

त्याच्या स्वतःच्या मात्र आला होता. वर्षभर तो कामगारांची बस रावेत ते चाकण पाठांतरावर चालवत होता. पुढच्या गाडीचा लाल दिवा धरायचा, वळणं पाठ, गतिरोधक पाठ. त्याची आई, सोजरबाई, चाळिशीनंतर दिवेलागणीला भिंत धरून चालायची. पिंपरीच्या चाळीत तिला रातांधळी म्हणायचे आणि तिच्या वाटेत पाट सरकवून पोरं गंमत बघायची. नागसेनला ते आठवायचं नव्हतं. डॉक्टरकडे गेलं तर कागद होणार, कागद झाला तर लायसन्स जाणार, आणि लायसन्सवर घर चाललेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नोव्हेंबरात एका पहाटे ती मूठ जवळजवळ उघडली. महाळुंग्याच्या वळणावर, रस्त्याला दिवे असताना, नाइट शिफ्ट करून सायकलवर घरी निघालेला एक माणूस बसच्या कडेला घासून गटारात पडला. ज्ञानदेव नाव, हिंगोलीकडचा, तिशीतला. पहिल्या सीटवर बसणारी मोनिका "भाऊ, सायकल" म्हणून ओरडली, तेव्हा कुठे नागसेनचा पाय ब्रेकवर गेला. ज्ञानदेवच्या मांडीचं हाड मोडलं. सायकलला मागे दिवा नव्हता, असं सगळ्यांनी सांगितलं, ट्रान्सपोर्टच्या सुपरवायझरने तसंच लिहून घेतलं. नागसेन सफरचंदं घेऊन दवाखान्यात गेला, तर ज्ञानदेवच म्हणाला, "माजीच चूक हाय भाऊ. दिवा लावायचा होता, राहून गेला." नागसेनला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. लाज चार दिवस टिकली.

त्याच सुमारास घरात दुर्बिणीचा विषय निघाला. त्याची मुलगी मिनल बारावीला होती, आणि अभ्यासातून डोकं वर काढलं की ते थेट आभाळातच जायचं. दर रविवारी ती चिंचवडला दौलतरावांकडे जाई. दौलतराव टूलरूममधून रिटायर झालेले. घरी आरसे घासून दुर्बिणी बनवायचे, जुन्या दुरुस्त करून विकायचे. मिनलला आभाळाचे फोटो काढायचे होते. नागसेनने अठरा हजार काढून ठेवले होते. तेवढ्यात बसणाऱ्या दोन आरशाच्या दुर्बिणी दौलतरावांकडे निघाल्या.

पहिलीचा आरसा सहा इंची. लाकडी खोक्यावर बसवलेली, हाताने फिरवायची. दुसरीचा आरसा पाचच इंची, पण खाली मोटरचा स्टँड.

"डोळ्याला पाहिजे की कॅमेऱ्याला, ते आधी ठरवा," दौलतराव म्हणाले. "एवढ्या पैशात दोन्ही साधत नाही. फोटोला आरसा लहान असला तरी भागतं, पण स्टँड लेचापेचा चालत नाही. पृथ्वी फिरते ना? मग ताऱ्याच्या मागे मागे स्टँडही फिरला पाहिजे."

"मग तीच," मिनल म्हणाली.

"मोठी घेऊ की," नागसेन म्हणाला. "फोटो काय, मोबाइलवर फुकट दिसतात. त्याला अठरा हजार कशाला?"

खरं कारण वेगळं होतं. मोठा आरसा जास्त उजेड गोळा करतो, हे दौलतरावांचं वाक्य त्याने आत कुठेतरी जपून ठेवलं होतं. कदाचित तेवढा उजेड त्याच्या डोळ्यांना पुरेल. पुरला तर डोळे शाबूत आहेत, आभाळच खराब आहे. दुर्बीण पोरीची आणि परीक्षा स्वतःची, असा त्याचा हिशेब होता.

बाप-लेकीचं जमेना, तेव्हा दौलतरावांनीच तोडगा काढला. "दोन्ही घेऊन जा. माझा जुना कॅमेराही न्या. एकदा खऱ्या अंधारात लावून बघा, मग या."

नागसेनची सुट्टी गुरुवारची. अमावास्येच्या आदल्या गुरुवारी मेव्हण्याची ईको गाडी घेऊन ते तीन वाजताच निघाले आणि चासकमान धरणाच्या पुढे, डोंगराच्या पोटातल्या एका माळावर उन्हातच पोचले. दहापर्यंत घरी परतायचं ठरलं होतं, कारण पहाटे सव्वापाचला बस काढायची होती. परतीच्या रस्त्याचा विचार नागसेनने मुद्दाम केला नव्हता.

अंधार पडला. रावेतला अंधार पडतो तो नावापुरता. हा खरा होता. मिनल मान मागे टाकून नुसती उभी राहिली.

"बापरे, पप्पा," ती हळूच म्हणाली. "किती आहेत."

नागसेनने वर पाहिलं. एक ठळक ठिपका होता. डावीकडे आणखी एक. बाकी काळं. चाकणची धूळ इथे नव्हती, दिवे नव्हते, समोरून अप्पर मारणारं कुणी नव्हतं. दोष द्यायला काही उरलंच नव्हतं. 

"हो ना," तो म्हणाला.

तिने मोठी दुर्बीण मृग नक्षत्राकडे लावली. "बघा, मधे धुरकट ढग आहे. पंख पसरल्यासारखा. दिसला?"

त्याने डोळा लावला. एक बारीक टिंब, आणि भोवती काळोख. सहा इंची आरशाने गोळा केलेला सगळा उजेड त्याच्या डोळ्यापाशी येऊन थांबला होता. आत शिरत नव्हता.

"दिसला," तो म्हणाला. "झकास आहे."

मग ती मोटरवाल्या स्टँडकडे वळली. या स्टँडचा कणा, म्हणजे मधला दांडा, ध्रुवताऱ्याकडे लागावा लागतो, तरच तो ताऱ्यांबरोबर नीट फिरतो. ती खाली बसून दोन्ही हातांनी स्टँडचे पाय घट्ट करत होती.

"पप्पा, या दांड्याच्या रेषेत बघा. समोरच्या डोंगरावर एकटा तारा आहे, तो ध्रुव. रेषेत आला की सांगा."

नागसेन दांड्याला डोळा लावून वाकला. डोंगरही दिसेना, तारा तर लांबच. त्याने दांडा थोडा इकडे, थोडा तिकडे केला.

"आला."

"नक्की?"

"आला म्हणतो ना." खोटं बोल, पण रेटून बोल.

तिने कॅमेरा जोडला, मिनिटभराचा फोटो घेतला. पडद्यावर उजेड आला आणि तो दोघांनीही पाहिला. एकही तारा धड नव्हता. सगळीकडे तिरप्या रेघा ओढलेल्या. तिने दुसरा घेतला, पुन्हा रेघा. मग ती उठली, दांड्याच्या रेषेत स्वतः वाकून बघितलं.

"हा तर कुठल्या कुठे आहे," ती म्हणाली. "पप्पा, तुम्हाला ध्रुव दिसला होता का?"

तो स्टँड चाचपडत खाली बसला.

"आणि मघाचा ढग?"

"नाही."

"मग आता वर काय दिसतंय?"

"दोन ठिपके," नागसेन म्हणाला. "आजीला दिवेलागणीनंतर दिसायचं नाही. तसंच असेल."

 मिनलने स्वतःच दांडा ध्रुवावर लावला, पुन्हा फोटो घेतला आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला. गुलाबी, पंख पसरलेला ढग होता आणि त्याच्या भोवती पीठ सांडावं तशा चांदण्या.

"हे आत्ता इथे, आपल्या डोक्यावर आहे?"

"तिथे." तिने त्याचा हात धरून वर केला. त्याच्या बोटापुढे काळं होतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

मग एकदम त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. "कृत्तिका कुठे आहेत? किती दिसतात तुला? खरं सांग."

"सहा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नीट बघितलं तर सात."

"परत मोज."

तिने परत मोजल्या. सातच होत्या, चांगल्या डोळ्याला दिसतात तेवढ्या. त्याने तिचा हात सोडला.

"कॅमेऱ्याचीच घेऊ," तो म्हणाला. "मला पडद्यावर बघता येईल." हट्ट पुरा झाला होता, पण मिनलच्या तोंडून हो निघालं नाही. तिने नुसती मान हलवली, आणि मग तिला कळलं की तेही त्याला दिसलेलं नाही.

नऊ वाजता सामान भरून झालं. नागसेन ईकोच्या स्टिअरिंगवर बसला, दिवे लावले. दहा फुटांचा पिवळा तुकडा दिसला, आणि त्याच्या पलीकडे पुढची गाडी नव्हती, लाल दिवा नव्हता, पाठ केलेलं वळण नव्हतं. शेजारी पोरगी बसली होती. त्याने चावी काढली.

"उजाडल्यावर निघू," तो म्हणाला, आणि फोन लावला. ट्रान्सपोर्टचा सुपरवायझर रविराजने तो उचलला.

"सकाळची गाडी दुसऱ्याला द्या, साहेब."

"आता सांगतोस, राव? बेचाळीस माणसं आहेत. बदली ड्रायव्हर कुठनं आणू? ताप आलाय का?"

"ताप नाही. मला अंधारात दिसत नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"नागसेन, शुद्धीवर आहेस का? तुझी केस मी लिहिलीय. सायकलला दिवा नव्हता, असं माझ्या सहीनं गेलंय."

"नव्हताच," नागसेन म्हणाला. "पण मोनिकाला तो दिसला होता, साहेब. बिनदिव्याचाच दिसला होता."

त्याने फोन ठेवला तेव्हा मिनल त्याच्याकडे बघत होती. ज्ञानदेवसाठी सफरचंदं तिनेच आणून दिली होती. तिने दोघांच्या मधे ठेवलेली चादर उचलली, अर्धी त्याच्या अंगावर टाकली आणि खिडकीबाहेर बघत बसली. उजाडायला दहा तास होते.