विहिरीपासून दहा पावलं

ठमाबाईने विहिरीच्या काठावर पाणी शिंपडलं, सात खडे धुऊन ओळीने मांडले आणि मागे वळून बघितलं. अमरो तिथेच. दहा पावलांवर, फणसाच्या बुंध्याला पाठ लावून, बारा दिवसांचं पोर कुशीत घेऊन.

"ये की गो! ऊन काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"

अमरो हलली नाही.

अमरो म्हणजे लाभसिंग ट्रकवाल्याची बायको. फाळणीत रावळपिंडीकडचं गाव सुटलं, छावणीत लग्न लागलं. पुढे कशेडी घाटात खडी वाहायचं काम मिळालं म्हणून दोघं पोलादपुरात आली आणि ठमाबाईच्या पडवीत राहिली. त्याला दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात ह्या बाईने परसातल्या विहिरीतून एक तांब्या पाणी काढलं नव्हतं. नववा महिना लागला तरी पोट सांभाळत पाण्याला सावित्री नदीवर जायची. का? ठमाबाईने आडून विचारलं, सरळ विचारलं, एकदा भांडून विचारलं. अमरो कळशी उचलून नदीची वाट धरायची. बाया म्हणायच्या, तुझ्या विहिरीला नाक मुरडते ती. ठमाबाईला ते काट्यासारखं सलायचं. नवऱ्याने कातळ फोडून काढलेली विहीर होती ती.

त्यात साळूबाई सुईण काल बजावून गेलेली. "बाळंतिनीनं विहीर पुजली नाय, तर तिच्या हातचं पानी गावात कोन घेनार नाय. सांगून ठेव तुझ्या पंजाबनीला."

"माझ्या विहिरीत काय घान हाय का गो?" ठमाबाईचा आवाज चढला. "आज सांगच. नायतर उचल बोचकं!"

अमरोने पोर छातीशी आवळलं. दोन वर्षांत उचललेल्या मोडक्या मराठीत ती बोलली, तीही विहिरीकडे बघत.

"पानी चांगला हाय, मावशी. आमच्या गावात पन विहीर होती. जमाव आला, तेव्हा सगळ्या बायांनी उड्या घेतल्या. आई, भाभी, बहिनी. मी शेवटची."

"मग?"

"मी बुडली नाय. विहीर भरली होती. मला जागा नाय उरली."

 ठमाबाईच्या हातातली हळदीची वाटी उगाच ह्या हातातून त्या हातात गेली. मग तिने काठावरचे सातही खडे पदरात गोळा केले, फणसाखाली आणले आणि पुन्हा ओळीने मांडले.

"हितं पूज."

"हे कोन?"

"आसरा. सात बहिनी. पान्यात ऱ्हातात, पोराबाळांवर ध्यान ठेवतात."

"पान्यात?"

"हां."

अमरो खड्यांपाशी वाकली.

"वर राहिली, तिच्यावर रागावतात?"

"नाय गो. तेंना राग कसला? बोटभर हळद लावली की झालं."

अमरोने पोर ठमाबाईच्या हातात दिलं आणि खाली बसली. एकेका खड्याला हळद, मग कुंकू. सात झाले. ठमाबाई सुटकेचा श्वास घेणार, तोच अमरोने मातीतून आणखी एक खडा उचलला, ओढणीने पुसला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली आणि त्याला हळद लावली. मग नववा. दहावा.

"अगो, सातच अस..." ठमाबाईने जीभ चावली.

प्रत्येक खड्याला अमरो वेगळं नाव पुटपुटत होती. तेरावा झाला आणि तिचं बोट वाटीच्या तळाला नुसतं घासलं जाऊ लागलं. तरी ती घासत राहिली.

"थांब," ठमाबाई म्हणाली. "नवी हळद हाय माळ्यावर. आनते."

पोर खांद्याशी धरून ती घराकडे निघाली. मध्येच वाकली, वाटेतले मूठभर खडे वेचले, परत येऊन अमरोच्या ओटीत टाकले. किती लागतील, ते मात्र विचारलं नाही.