दाराजवळ बसलेली बेबीनंदा

मी हेडफोन बोलतोय, तीर्थपुरीच्या शाळेतल्या संगणकाला जोडलेला. तो शनिवार नेहमीसारखाच होता. शाळेतल्या शिक्षिका विमलबाईंनी खिडक्या लावल्या, मुली सतरंजीवर बसल्या, एकीनं मला ओढणीनं पुसलं. तेवढ्यात विमलबाईंचा मोबाइल वाजला. त्या नुसतं "हं, हं" करत राहिल्या आणि खाली बसल्या. जालन्याच्या डॉक्टर शरयूताई सकाळी वारल्या होत्या.

मला त्यांनीच आणलं होतं. जुन्या जालन्यातल्या दुकानात मला कानाला लावून त्यांनी विचारलं, "यातून बाहेर आवाज जात नाही ना?" गावात इंटरनेट नुकतंच आलेलं. त्यावरून दर शनिवारी त्या जालन्याहून मुलींना पाळी, गर्भाशय, दिवस राहणं असं सगळं शिकवायच्या आणि शाळेच्या खिडकीखाली गावातली माणसं बिड्या ओढत बसायची. एक मुलगी मला कानाला लावायची आणि ऐकलेलं हळूच मागे सांगायची. हसू आलं की माझा माइक मुठीत दाबायची.

बेबीनंदाच्या कानाला मात्र मी तोवर कधी लागलो नव्हतो. दसऱ्याला संगणकाची पूजा झाली, तेव्हा मलाही हळदीकुंकू लागलं. तेव्हापासून पाळीतली मुलगी मला शिवायची नाही, दाराजवळ बसायची.

ताईंना ती कॅमेऱ्यातून दिसली. "दाराशी कोण गं ती?"

"बेबीनंदा. बाहेरची हाय, ताई."

"मग मला इथं जालन्यात विटाळ होतो का?"

"तुम्हाला न्हाई वो. मशीनला होतो."

ताईही हसल्या. पण पुढच्या शनिवारी बेबीनंदा तिथंच होती. त्याच्या पुढच्याही शनिवारी. तेव्हा ताई हसल्या नाहीत.

"अजून थांबलं नाही? चक्कर येते का, विचार तिला."

मुलीनं विचारलं. बेबीनंदा म्हणाली, "येती. आई म्हंती, लगीन झालं की सगळं बराबर होतंय."

ताई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी आईला घेऊन ये म्हणावं. मी समजावते त्यांना. उपचार लवकर व्हायला हवेत."

तो पुढचा शनिवार म्हणजे हाच. तिची आई, नंदाबाई, कापसाची वेचणी सोडून आल्या होत्या.

"कुठंय डाक्टरीणबाई? मी आजचा रोज बुडवून आले."

"आज तास नाही," विमलबाई डोळे टिपत म्हणाल्या.

"मंग काय सांगणार होत्या त्या?"

"पुन्हा कधीतरी बोलू, नंदाबाई."

बेबीनंदा भिंतीला धरून उठली, माझ्यापाशी आली आणि तिनं मला उचललं. कुणी अडवलं नाही. तिची बोटं गार होती. तिनं मला कानाला लावलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि परत ठेवून दिलं.

"चल," आई म्हणाली. "वेचणी पडलीय."

आता मी कपाटात आहे, माझीच वायर माझ्याभोवती गुंडाळलेली. बाहेर पावलं वाजली की वाटतं, विमलबाई नंदाबाईंकडे निघाल्या असतील. बाई, ताईंचं बोलणं त्या मुलीच्या तोंडून तुम्हीही ऐकलं होतं. नंदाबाईंचं घर बाजारामागेच आहे.

नंदाबाईंना अजून कुणी उपचारांचं काही सांगितलेलं नाही.