पाच सेंटीमीटर माती गेली कुठे?

७ ऑक्टोबर, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. परदेशातल्या एका विद्यापीठाच्या शेतावर चोवीस खुंट्या रांगेने ठोकलेल्या होत्या आणि पहिल्या खुंटीपाशी मला उभे केले होते. मित्रांनो, मी माती काढण्याचे गिरमिट. वय एकतीस वर्षे, उंची एक मीटर, वजन अडीच किलो. लाकडाला भोके पाडणारे माझे भाऊबंद तुम्ही सुताराकडे पाहिले असतील. मी त्यांच्यापेक्षा थोराड, आणि माझे काम जमिनीशी. मूठ फिरवली की मी खाली उतरते; वर ओढले की माझ्या पिळांत अडकून खालची माती वर येते. गिरमिटाला छाती नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या महिन्याची हकिकत सांगताना ती फुगल्यासारखी वाटते, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म एका तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत झाला. शेजारच्या कृषी विद्यालयाने मातीचे नमुने काढण्यासाठी एक साधन मागवले होते. कार्यशाळेच्या निदेशकांनी पोलादाचा दांडा भट्टीत लाल केला, त्याला पीळ घातला, तेलात बुडवला आणि पुन्हा मंद आचेवर वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग येईपर्यंत तापवला. मग टोकापासून मोजून दर दहा सेंटीमीटरवर कानशीने एकेक खूण पाडली. खुणा पाडायला त्यांनी दांडा घडवण्यापेक्षा जास्त वेळ घेतला. पाहत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना ते म्हणाले, "खूण चुकली तर लोखंड भंगारात जातं. पण खूण चुकलेलं लोखंड कामाला लागलं, तर माणसाचं काम भंगारात जातं."

पुढची सतरा वर्षे मी इमानाने राबले. काळी, तांबडी, चिकण, रेताड, सगळ्या मातींनी माझी धार पाहिली. काम संपले की मला पुसून, तेल लावून कपाटात ठेवत आणि किल्ली मृदाशास्त्राचे गुरुजी स्वतःजवळ ठेवत. मग गुरुजी निवृत्त झाले, नवी साधने आली आणि माझे दिवस फिरले. कुणी माझ्याकडून कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे पाडून घेतले, तेही मुरमात. शेवटी तर भांडारातली एक नादुरुस्त खिडकी उघडी राहावी म्हणून मला तिचा टेकू केले. ज्याने जमिनीचे अंतरंग पाहिले, त्याने रोज भिंतीवरच्या पाली मोजाव्यात! अंगावर गंज चढला. कुणालाही त्याचे काही वाटले नाही.

त्या विद्यालयात निदेशकांची भाची शिकत होती. तिची एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात निवड झाली. त्या बदल्यात तिकडची एक विद्यार्थिनी इकडे येणार होती. निघण्यापूर्वी ती मला शोधत भांडारात आली.

"ते होय? न्या की," भांडारपाल म्हणाले, "पण मग खिडकीला टेकू कोण देणार?"

"खिडकीला मी कडी बसवून देते, काका."

आणि तिने खरोखरच दुसऱ्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर आणून कडी बसवून दिली. मला घरी नेले, काथ्याने घासले, तेल पाजले. मामा कौतुकाने पाहत होते. "परक्या गावात एक तरी ओळखीचं हत्यार हाताशी असावं," एवढेच ते म्हणाले. एका देशाची माती दुसऱ्या देशात नेता येत नाही, म्हणून तिने दात घासायच्या जुन्या ब्रशने माझा पीळ न् पीळ धुतला. विमानतळावरच्या तपासनिसाने दिवा लावून मला उलटेसुलटे केले. मातीचा कण सापडला नाही. "माझ्या घरचे चमचेसुद्धा इतके स्वच्छ नसतात," तो म्हणाला. एवढ्या वर्षांनंतर मिळालेली ही पहिली शाबासकी.

विद्यापीठातली परिस्थिती अशी होती. त्या शेतात पिकांची मुळे सरळ खाली न जाता एका ठिकाणी काटकोनात वळत आणि आडवी पसरत. खाली मातीचा एक कठीण थर होता. तो फोडायचा तर खोल नांगराचा फाळ त्याच्याही खाली पोहोचायला हवा. म्हणून थर नेमका किती खोल आहे, हे कळणे आवश्यक होते. ट्रॅक्टरला जोडलेले एक यंत्र पोलादी नळी जमिनीत दाबून मातीची लांब कांडी बाहेर काढी. ती कांडी ट्रेमध्ये ठेवून मोजत. तीन वर्षे उत्तर एकच येत होते : चौतीस सेंटीमीटर. त्यानुसार नांगर अडतीसवर लावला जाई. तरीही मुळे आडवीच.

भाचीचा प्रकल्प हाच होता. त्याच चोवीस ठिकाणी यंत्राशेजारी हाताने मोजायचे. यंत्र चालवणारे गृहस्थ स्वभावाने मोकळे आणि जिभेने तिखट होते. माणूस कोणत्याही देशाचा असो, टोमण्याचा सूर ओळखू येतोच.

"काय गिरमिटवाल्या बाई, विहीर लागली का?" ते ट्रॅक्टरवरून विचारत.

"पाणी लागलं की पहिला तांब्या तुम्हालाच देईन, काका."

माझे टोक मऊ मातीतून सहज उतरे आणि मग एकाएकी अडे. मूठ जड होई. तिचा हात तिथेच थांबे आणि ती खूण वाचून, वरचे सेंटीमीटर पट्टीने मोजून वहीत लिही. चोवीस ठिकाणांची सरासरी चाळीस आली.

प्राध्यापिकाबाईंनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले. त्या कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. "एका शेताची दोन उत्तरं मी अहवालात छापू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तेवीस तारखेपर्यंत फरकाचं कारण दाखव. नाही दाखवता आलं, तर तुझा प्रकल्प अपूर्ण राहील आणि हे सत्र धरलं जाणार नाही."

सत्र धरले नाही म्हणजे एक वर्ष वाया, आणि तेही घरापासून हजारो मैलांवर येऊन. दुपारच्या सुट्टीत तिने मामांना फोन लावला. "मामा, ते यंत्रच चुकतंय. तुमच्या हातचं गिरमिट कसं चुकेल?"

"चुकेल की," मामा पलीकडून म्हणाले. "माझ्या हातचं आहे म्हणून त्याची बाजू घेऊ नकोस. टोकापासून पहिल्या खुणेपर्यंत मोजलंस का?"

"नाही."

"मग दुसऱ्याच्या यंत्राला नावं कशाला ठेवतेस? आधी आपलं घर झाड."

मित्रांनो, खरे सांगते, मला ते लागले. ज्याने घडवले त्यानेच संशय घ्यावा! तिने मला प्रयोगशाळेच्या टेबलावर आडवे केले आणि पोलादी पट्टी लावली. टोकापासून पहिली खूण दहावर असायला हवी होती. ती नऊवर होती. मुरमातल्या त्या खड्ड्यांनी माझे टोक एक सेंटीमीटर खाल्ले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माझे चाळीस म्हणजे प्रत्यक्षात एकोणचाळीस.

ही चूक लपवणे सोपे होते. तिने ती वहीच्या नव्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिली : गिरमिटाची झीज एक सेंटीमीटर, सर्व नोंदींतून वजा केली.

तरीही पाचाचा फरक उरलाच. दुसऱ्या दिवशी ती ट्रॅक्टरमागे जाऊन उभी राहिली. नळी साठ सेंटीमीटर खाली गेली, वर आली, कांडी ट्रेमध्ये पडली. सगळे नेहमीप्रमाणे ट्रेकडे वळले. ती मात्र गुडघ्यांवर बसली आणि नळीने पाडलेल्या भोकात पट्टी सोडली. साठ. मग तिने ट्रेमधली कांडी मोजली. पंचावन्न.

"काका," तिने हाक मारली, "भोक साठचं आणि कांडी पंचावन्नची. पाच सेंटीमीटर माती गेली कुठे?"

काका ट्रॅक्टरवरून उतरले. त्यांनी स्वतः दोनदा मोजले. टोपी काढून डोके खाजवले. "नळी खाली जाताना वरची भुसभुशीत माती दाबत जाते वाटतं," ते हळूच म्हणाले. "आणि आम्ही आपले दबलेली कांडीच मोजत बसलो. तीन वर्षं!"

"थराच्या वरची माती मऊ आहे, म्हणून सगळा दाब तिच्यावरच येतो. चौतीस अधिक पाच."

"एकोणचाळीस," काका म्हणाले आणि न सांगता फावडे घेऊन आले. "तोंडी हिशेब नको. उघडं करून बघू."

त्या दिवसापासून त्या दोघांनी सहा ठिकाणी छातीइतके खोल खड्डे खणले. खड्ड्याच्या भिंतीवर थराची कड डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. तिथे ना नळीचा दाब होता, ना माझी झीज. सहाही ठिकाणी थर अडतीस ते चाळीसच्या दरम्यान निघाला. एकवीस तारखेला प्राध्यापिकाबाई शेवटच्या खड्ड्यात स्वतः उतरल्या आणि त्यांनी थराच्या कडेला पट्टी लावली.

वर आल्यावर त्यांनी वही मागितली. "तुझ्या वहीची पहिली ओळ वाचली, तेव्हाच पुढचं सगळं वाचावंसं वाटलं," त्या म्हणाल्या. "जो आधी स्वतःची चूक लिहितो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसतो." सत्र धरले गेले. अडतीसवर चालणारा फाळ थराला वरून खाजवत होता, हे सगळ्यांना कळले. खड्ड्यांत थराचा तळही दिसला होता, म्हणून नांगर त्याच्याही खाली, अठ्ठेचाळीसवर लावण्याचे ठरले. काकांनी भाचीला निरोप देताना माझी मूठ पॉलिश करून दिली, "तुझ्या या म्हाताऱ्याला सांग, आमचं चुकलं," असे म्हणत. म्हाताऱ्याने ऐकले होते.

आता मी पुन्हा कपाटात असते, मामांच्या कार्यशाळेतल्या. माझ्या मुठीला एक लहान पितळी पट्टी बांधली आहे, त्यावर कोरले आहे : 'झीज १ सें.मी., दर सहा महिन्यांनी मोजावी.' काहींना तो कमीपणा वाटेल. मी ती पट्टी पदकासारखी मिरवते. मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कार्यशाळेत एखादे साधन असेल, तर त्याला फक्त तेल लावून थांबू नका. अधूनमधून त्याला मोजा. आम्ही झिजतो, आणि झिजताना आम्हाला ओरडता येत नाही. आमची झीज तुम्हाला ठाऊक असेल, तर आम्ही म्हातारपणीही खरे बोलू शकतो.

गेल्या आठवड्यात तिकडून प्राध्यापिकाबाईंचे पत्र आले. खोल नांगरटीनंतरच्या पहिल्याच हंगामात त्यांनी चोवीसही खुंट्यांपाशी मुळे उकरून मोजली होती. पत्रात एकच ओळ होती. मामांनी ती मोठ्याने वाचली.

मुळांची सरासरी खोली : ७१ सेंटीमीटर.