कॉलनीतल्या पाच बकुळी

"या, या सीमाताई! तुमचीच वाट पाहत होतो," म्हणत रविकांत फाटकापर्यंत चालत आले.

चार वर्षांपूर्वी याच फाटकात हा माणूस तिला 'ए बाई' म्हणायचा. सीमा हसली नाही.

संगमनेरच्या या कॉलनीची बाग तिने आठ वर्षं सांभाळली होती. रविकांत सेक्रेटरी झाले आणि भर मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "ए बाई, कुठल्या संघटनेची सभासद आहेस? काही ट्रेनिंग? नुसतं खुरपं धरलं म्हणजे कुणी माळी होत नाही." सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद.

ते हसणं तिच्या कानातून गेलंच नाही. इरेला पेटून ती बागकाम व्यावसायिकांच्या संघटनेची सभासद झाली. शिबिर सोनईला असो की कर्जतला, तिने एकही चुकवलं नाही. सासू बनाबाई वैतागायच्या. "झाडं लावाय कसलं आलंय शिबिर? माझी हयात गेली न शिकता."

"झाडांसाठी न्हाई जात, आत्याबाई. मला त्या मानसाचं तोंड उतरल्यालं बघायचंय."

सर्टिफिकेटांची फाइल फुगत गेली. कामं वाढली, हाताखाली दोन बायका आल्या. तिला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिचे डोळे या कॉलनीकडे लागले होते. आणि एकदाच्या इथल्या पाच बकुळी वाळायला लागल्या. रविकांतांनी संघटनेकडे प्रशिक्षित सभासद मागितला. संघटनेने नाव दिलं ते हिचं!

आज तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं, काखेत फाइल. बघायला निम्मी कॉलनी जमली होती. तिच्या जागी नेमलेल्या कंत्राटदाराने सिमेंट थेट खोडांना भिडवलेलं पाहून तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. 'तुमच्या शिकलेल्या माळ्यानं झाडं मारली,' हे वाक्य ती रात्रंदिवस घोकत आली होती.

पण मुळं पाहिल्याशिवाय कारण सांगायचं नाही, हे शिबिरात पक्कं झालेलं. तिने पहिल्या बकुळीभोवतीचं सिमेंट फोडलं आणि माती उकरली. वीतभर खाली काळं प्लास्टिक लागलं. त्याच्या आत मुळं गोल गोल फिरून खोडालाच आवळून बसली होती.

"पाहिलंत?" रविकांत ओरडले. "कचरा पुरलाय लेकाच्याने! ताई, चुकलं आमचं. तुम्हालाच ठेवायला हवं होतं."

चार वर्षं तिने याच शब्दांची वाट पाहिली होती. ते सगळ्यांनी ऐकलेही. आता फक्त मान डोलवायची होती.

पण ते प्लास्टिक म्हणजे रोपवाटिकेची पिशवी होती. बारा वर्षांपूर्वी या पाचही बकुळी तिनेच लावलेल्या. मुळांभोवतीची माती फुटू नये म्हणून पिशवीचा फक्त तळ कापायचा आणि बाकीची तशीच पुरायची, ही बनाबाईंची रीत. पुढे त्याच पिशवीचा फास होतो, हे तिने शिबिरात वहीत उतरवून घेतलं होतं, पण दुसऱ्यांच्या झाडांसाठी. स्वतःची झाडं तिला आठवलीही नव्हती. शिकलीच नसती तर आज सिमेंटवर खापर फोडून ती खुशाल घरी गेली असती. तिला त्या शिबिरांचा, रविकांतांचा आणि स्वतःचा भयंकर संताप आला.

"ही पिशवी कंत्राटदाराची न्हाई," ती म्हणाली. "मी ठिवल्याली. लावताना. आमी तसंच लावायचो."

कुणीही हसलं नाही.

"म्हणजे त्या दिवशी मी..." रविकांत म्हणाले.

"व्हय, बरोबर बोलला हुता तुमी. पन चारचौघांत, ए बाई म्हनून बोलायची रीत न्हवती ती."

रविकांतांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान सीमाने नीट पाहिली. पण घरून निघताना वाटलं होतं तसं काही तिला वाटलं नाही.

"दोन पार वाळून गेल्या," ती म्हणाली. "आवळल्याली मुळं कापली तर तीन जगतील. तपासनीच्या दाखल्यावर कारन लिवते, खाली माझं नाव."

तिने प्लास्टिकचा तो तुकडा ओढून काढला, माती झटकली, घडी घातली आणि फाइलमध्ये सर्टिफिकेटांच्या वर ठेवला. मग पदर खोचून दुसऱ्या बकुळीपाशी बसली.