डिंकाची दाढी

पूर्वी जत्रेत तंबूत तिकीट लावून दाढीवाली बाई दाखवायचे, त्यावर मुलीने नाटक बसवलं होतं आणि दाढीवाली तीच झाली होती. तशाच एका तंबूत वीस वर्षं बसलेली खरी दाढीवाली म्हणजे तिची आई, हे मात्र मंडळीत कुणाच्या गावीही नव्हतं.

पहिल्या प्रयोगाला आईला बोलवायला मुलीने फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "येताना तेवढी दाढी करून ये हं." जीभ कशी रेटली कोण जाणे. आई म्हणाली, "बरं."

प्रयोग रंगला. शेवटी दिव्याच्या झोतात दाढी कुरवाळत मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "या चेहऱ्याची मला लाज नाही." पहिल्या रांगेत आईच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. तिच्या हनुवटीवर कापल्याची चिकटपट्टी होती.

आई रंगपटात आली तेव्हा मुलगी दाढी ओरबाडून काढत होती. डिंकाने गाल लालबुंद झाला होता.

"अशी नाही गं," म्हणत आईने पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि कडेकडेने दाढी सोडवायला घेतली.

कपडे गोळा करायला आलेल्या बाईने विचारलं, "या कोण?"

मुलीने आरशात आईकडे पाहिलं. आईच चटकन म्हणाली, "मी रंगभूषेच्या मदतीला आलेय."

बाई कपडे घेऊन गेली. दाढी केव्हाच निघाली होती, तरी मुलीचं तोंड उघडलं नाही.